प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : बेळगावच्या खेड्यांतील एक संशोधन

यंदाच्या स्मरणिकेसाठी “डॉक्टरांना रुचेल आणि घरच्या मंडळींनाही कळेल” असा एखादा वैद्यकीय लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी हे तिन्ही विषय आपल्या अन्य सभासदांनी आधीच राखून ठेवले होते. मी पडलो प्रसूतिशास्त्राचा व्यावसायिक. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात झालेल्या आणि जगभर ज्याची दखल घेतली गेली अशा एका संशोधनाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे मनाशी ठरविले. प्रारंभीच नमूद करतो, की या संशोधनाशी माझा प्रत्यक्ष संबंध नाही. याच शहरात व्यवसाय करणारा एक प्रसूतितज्ज्ञ म्हणून मी त्याकडे पाहत आलो आहे, एवढाच काय तो अधिकार.

विषय आहे प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचा. सामान्य वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. प्रसूतीच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे तोंड उघडते, दुसऱ्या अवस्थेत बाळ जन्माला येते आणि बाळाच्या जन्मापासून वार पडेपर्यंतचा काळ ही तिसरी अवस्था. बाळ रडले, की बाहेर बसलेल्या नातलगांच्या दृष्टीने बाळंतपण पार पडलेले असते. कोणी पेढ्यांना माणूस पाठवितो, कोणी घड्याळात वेळ पाहून ठेवतो. प्रसूती करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत सावध राहण्याची वेळ हीच असते.

याचे कारण शरीररचनेत आहे. दिवस भरलेल्या गर्भवतीच्या गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटून आली, की ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. निसर्गाने त्यावर एक विलक्षण योजना केलेली आहे. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे एकमेकांत उभेआडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीमधून जातात. गर्भाशय आवळले, की हे धागे रक्तवाहिन्यांभोवती गाठ मारल्याप्रमाणे घट्ट बसतात आणि रक्त थांबते. गर्भाशय सैल राहिले, तर गाठ पडतच नाही. अतिरक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण हे गर्भाशयाचे सैलपणच होय. वारेचा तुकडा आत राहणे, जननमार्गाला जखम होणे, रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड होणे ही कारणे त्यानंतरची.

या संकटाचा सर्वांत वाईट गुण असा, की ते बहुधा पूर्वसूचना देत नाही. जुळे असेल, गर्भजल प्रमाणाबाहेर असेल, प्रसूती फार रेंगाळली असेल, तर आपण सावध असतो. परंतु ज्या स्त्रियांना रक्तस्राव होतो त्यांतील बहुसंख्य स्त्रियांमध्ये असे कोणतेही लक्षण आधी दिसलेले नसते. उपचार न मिळाल्यास साधारण दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. त्यातच आपल्याकडील गर्भवती आधीच रक्ताने उणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. सुदृढ स्त्रीला जो स्राव सोसतो, तोच अशा स्त्रीला काठावरून खाली लोटतो. २००१-०३ या काळात भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या आणि नमुना नोंदणी पद्धतीच्या पाहणीनुसार त्यांतील सुमारे ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावाने होत होते.

यावर औषध नव्हते काय? होते, आणि उत्तम होते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन बाळाच्या जन्मानंतर लगेच दिले, की गर्भाशय आवळते, हे आपण सारे विद्यार्थिदशेपासून जाणतो. परंतु हे औषध दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते टोचावे लागते. त्या काळी ग्रामीण भागात कित्येक बाळंतपणे घरीच होत, नाही तर उपकेंद्रात. उपकेंद्र म्हणजे पुष्कळदा दोन खोल्या, एक टेबल आणि एकटी परिचारिका, जिला आपण एएनएम म्हणतो आणि खेड्यातील बायका ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’. वीज असेल तर असेल. अशा ठिकाणी फ्रिजमध्ये ठेवलेले इंजेक्शन हा पुस्तकी तोडगा होता.

मिसोप्रोस्टॉल या गोळीकडे संशोधकांचे लक्ष गेले ते याच कारणाने. ही गोळी मुळात जठरातील व्रणासाठी तयार झाली. ती गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणते, स्वस्त आहे, तोंडाने घेता येते आणि कोरडी ठेवली तर साध्या तापमानात टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतील रुग्णालयांमध्ये १८,५०० हून अधिक स्त्रियांवर केलेली तुलना २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एक लिटर वा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण ऑक्सिटोसिनच्या गटात ३ टक्के, तर मिसोप्रोस्टॉलच्या गटात ४ टक्के आढळले. निष्कर्ष स्वच्छ होता : रुग्णालयात ऑक्सिटोसिनच श्रेष्ठ. बऱ्याच जणांनी गोळीचा विषय तेथेच मिटविला.

मला स्वतःला बेळगावच्या संशोधकांचे मोठेपण वाटते ते त्यांनी पुढे विचारलेल्या प्रश्नात. रुग्णालयात कोणते औषध सरस, हे ठरले होते. परंतु जेथे ऑक्सिटोसिन नाहीच, डॉक्टर नाही आणि तास-दीड तासाच्या अंतरात रक्त मिळण्याची शक्यता नाही, तेथे ही गोळी, काहीही न देण्यापेक्षा बरी की नाही? प्रश्न कोठे उभे राहून विचारला यावर उत्तर किती बदलते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेल. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे दिसले. रुग्णालयाच्या दारात आलेल्यांनाच मोजत बसलो असतो, तर १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली ही संख्या कधीच पुढे आली नसती.

येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील मिसुरी आणि इलिनॉय येथील विद्यापीठांच्या सहकार्याने हा अभ्यास हाती घेतला. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील १,६२० स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा योगायोगाच्या पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले गेले. ८१२ स्त्रियांना बाळंत होताच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने देण्यात आले आणि ८०८ स्त्रियांना तशाच दिसणाऱ्या परंतु औषध नसलेल्या गोळ्या. डॉ. रिचर्ड डर्मन, डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. एस. एस. गौडर आदींची नावे शोधनिबंधावर आहेत. परंतु प्रत्यक्ष बाळंतपणे केली, गोळ्या दिल्या आणि सांडलेले रक्त मोजले, ते २५ एएनएम परिचारिकांनी. आपल्या व्यवसायात अशा स्त्रियांचा उल्लेख आभारप्रदर्शनाच्या शेवटच्या ओळीत होतो, म्हणून येथे मुद्दाम मध्येच करीत आहे.

आता ‘रक्त मोजले’ हे दोन शब्द वाचून कोणीही पुढे सरकेल. खरी ग्यानबाची मेख मात्र तेथेच आहे. बाळंतपणात गेलेले रक्त मोजायचे कसे? ते चादरीत मुरते, जुन्या लुगड्याच्या घड्यांत शोषले जाते, मातीच्या जमिनीत जिरते, गर्भजलात मिसळते. खोलीतला दिवा मिणमिणता. त्यात पिढ्यान् पिढ्यांची समजूत अशी, की बाळंतिणीचे ‘घाण रक्त’ जितके जाईल तितके चांगले. आम्ही डॉक्टरही वेगळे काही करीत नसतो. नजरेने अंदाज घेतो आणि केसपेपरवर “रक्तस्राव सामान्य” असे लिहून सही करतो. हा अंदाज कमीच निघतो, आणि स्राव जितका मोठा तितका अधिक चुकतो, हे जगभर दिसून आलेले आहे.

त्यावर या गटाने काढलेला उपाय अगदी साधा होता. पारदर्शक प्लास्टिकची एक चादर, तिचा खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता होत गेलेला आणि शेवटी मिलिलिटरच्या खुणा असलेली पिशवी. बाळ जन्मले आणि गर्भजल वाहून गेले, की ती स्त्रीच्या कमरेखाली सरकवायची आणि तिच्या पट्ट्या पोटावर बांधायच्या. नंतर येणारे रक्त थेट पिशवीत उतरते आणि खुणेवर वाचता येते. ती तयार करणाऱ्या सात सहकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून तिला ‘ब्रास-व्ही’ असे नाव देण्यात आले. नजरेचा अंदाज आणि ही चादर यांची तुलना करणारा स्वतंत्र अभ्यासही झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नजरेने केलेला अंदाज चादरीवरील मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे तीन पेले रक्त गेले असता आपण दोनच मोजतो!

मुख्य अभ्यासाचे निष्कर्ष ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. बाळंतपणानंतरच्या दोन तासांत ५०० मिलिलिटर वा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण औषध नसलेल्या गटात १२ टक्के होते, ते मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ टक्के झाले. एक लिटर वा त्याहून अधिक, म्हणजे गंभीर स्रावाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. सरासरी स्राव २६२ मिलिलिटरवरून २१४ वर उतरला. सामान्य वाचकांना टक्केवारीचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी दुसऱ्या पद्धतीने सांगतो. शंभरात १२ ऐवजी ६.४, म्हणजे शंभर स्त्रियांमागे साडेपाच जणी वाचल्या. म्हणजेच दर १८ स्त्रियांना गोळ्या दिल्या, की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. दुष्परिणाम म्हणून थंडी वाजून कापरे भरणे आणि ताप येणे हे औषधाच्या गटात अधिक दिसले, परंतु ते तात्पुरते होते.

आता या अभ्यासातील अवघड जागेकडे वळू. गर्भाशय आवळणारे औषध उपयोगी पडते हे माहीत असताना निम्म्या स्त्रियांना नुसती खडूसारखी गोळी देणे नीतीला धरून आहे काय? हेच संशोधन परदेशातील रुग्णालयात या पद्धतीने करू दिले असते काय? हा आक्षेप घेणारे सहकारी मला भेटले आहेत आणि तो झटकून टाकण्यासारखा मुळीच नाही. त्यावरचे उत्तर असे, की त्या वेळी या भागातील घरच्या व उपकेंद्रातील बाळंतपणांत प्रतिबंध म्हणून कोणतेही औषध देण्याची पद्धतच नव्हती. जिला औषधाविना ठेवले, तिला अभ्यासाबाहेरही ते मिळाले नसते. उलट अभ्यासामुळे तिच्या जवळ प्रशिक्षित परिचारिका आणि मोजमापाची सोय होती. मला हे उत्तर पटते, पण एका अटीवर. ज्या गावांतील स्त्रियांनी आपले शरीर प्रश्नाच्या उत्तरासाठी दिले, त्या गावांत ते औषध पुढे पोहोचले पाहिजे. न पोहोचल्यास तो अभ्यास कितीही निर्दोष असला, तरी गरिबांचा वापर केल्याचा ठपका त्यावर बसतो. विकसनशील देशांतील संशोधनाची कसोटी मी नेहमी येथे लावतो.

संमतीचा प्रश्न त्याहून नाजूक. “तुम्हाला मिळणारी गोळी औषधाची असेल किंवा नसेल, हे आम्हालाही ठाऊक नाही,” हे वाक्य आपल्या सीमाभागातील मराठीत आणि कानडीत सांगून पाहावे. निम्म्या बायका हसतात. डॉक्टरला ठाऊक नाही म्हणजे काय! सुनेच्या वतीने सासू उत्तर देते. शिवाय प्रसववेदना सुरू झाल्यावर घेतलेली संमती, ती कसली संमती? हे सर्व गर्भारपणातच, निवांतपणे, एकाहून अधिक वेळा समजावून सांगावे लागते. कागदावरील अंगठ्यापेक्षा या बोलण्याला मी अधिक मान देतो. पुढे देशातील नियमही कडक झाले. २००७ साली भारतात वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली, २००९ पासून औषध नियंत्रकांनी ती नोंद बंधनकारक केली आणि २०१९ साली नवे नियम आले.

शास्त्रीय बाजूनेही वाद झाले. १,६२० ही संख्या रक्तस्राव कमी होतो हे दाखविण्यास पुरेशी आहे. मातामृत्यू कमी होतात हे सिद्ध करण्यास ती फार अपुरी आहे. त्यासाठी लाखांनी स्त्रिया लागतील. ब्रिटनमधील काही अभ्यासकांनी २०१२ साली याच मुद्द्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणालाही आव्हान दिले. दुसरी धास्ती गोळीच्या दुरुपयोगाची. हीच गोळी गर्भपातासाठी वापरली जाते आणि बाळ पोटात असताना चुकीच्या मात्रेत दिल्यास गर्भाशय फुटण्याचा धोका असतो. जुळ्यातले दुसरे बाळ अद्याप आत नाही ना, याची खात्री करूनच ती द्यावी, हे प्रशिक्षणात घोकून घ्यावे लागते. हे धोके खरे आहेत. परंतु गोळी कुलूपबंद ठेवल्याने दोन तासांचे ते घड्याळ थांबत नाही, हेही तितकेच खरे.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिपश्चात रक्तस्रावाच्या प्रतिबंधासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. जेथे ऑक्सिटोसिन आणि कुशल प्रसूतिसेवक उपलब्ध नाहीत, तेथे गावपातळीवरील आरोग्यसेविकांनी ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा द्यावी, अशी शिफारस २०१२ साली झाली. मात्रा तीच, जी बेळगावच्या परिचारिकांनी दिली होती.

एव्हाना आपल्याकडील चित्रही पालटू लागले होते. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, नंतर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या. संस्थांमध्ये होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये लाखामागे ९७ पर्यंत उतरले. तेव्हा घरच्या बाळंतपणातील गोळीचे महत्त्व आता काय, असे कोणी विचारील. दुर्गम भागात ते आजही आहेच. परंतु माझ्या मते या संशोधनाचा अधिक टिकाऊ भाग गोळी नसून चादर आहे.

कारण बाळंतपण रुग्णालयात आले म्हणजे रक्त मोजले जाऊ लागले, असे झाले नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. ‘ई-मोटिव्ह’ या नावाने तो ओळखला जातो आणि २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने काम चालणाऱ्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जेमतेम ५१ टक्के वेळेवर ओळखल्या गेल्या. जेथे खुणांची चादर वापरली, तेथे हे प्रमाण ९३ टक्के झाले. निदान होताच गर्भाशयाला मालीश, आकुंचनाचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि स्रावाच्या कारणाची तपासणी हे सारे एकामागून एक थांबत-थांबत न करता एकदम करायचे, असा दंडक होता. गंभीर स्राव, रक्तस्रावासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यात नवे औषध एकही नाही. सारी औषधे कपाटात होतीच. ती कधी काढायची, हे सांगणारी खूण तेवढी नव्हती.

बेळगाव आणि नागपूर ही दोन्ही केंद्रे त्यानंतरही मातृआरोग्याच्या बहुदेशीय अभ्यासांत सहभागी होत राहिली. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांची प्रसूती काहीशी टळते, हे २०२० साली, आणि प्रसूतीच्या वेळी दिलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने मातेचा जंतुसंसर्ग घटतो, हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. थंड पेटीविना टिकणाऱ्या कार्बेटोसिन या इंजेक्शनची दहा देशांत जी तुलना झाली आणि २०१८ साली प्रकाशित झाली, त्या देशांतही भारत होता. प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. संपादकांची पृष्ठमर्यादा मात्र मला आठवते आहे.

शहरातील माझ्या व्यवसायबंधूंशी बोलताना एक युक्तिवाद नेहमी कानी येतो : “आमच्याकडे दिवा आहे, सिस्टर आहे, रक्तपेढी दहा मिनिटांवर आहे, चादर कशाला?” त्यांना मी एवढेच सांगतो, की ५१ टक्क्यांचा तो आकडा घरांतला नाही, डॉक्टर असलेल्या रुग्णालयांतला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने योनिमार्गे होणाऱ्या प्रत्येक प्रसूतीत रक्त मोजूनच पाहावे, अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यापुढे पाऊल टाकले. ५०० मिलिलिटरची वाट न पाहता, ३०० मिलिलिटर रक्त गेले आणि त्याबरोबर नाडी वाढलेली किंवा रक्तदाब उतरलेला असेल, तर उपचार सुरू करावेत, असे त्यांत म्हटले आहे. त्यासाठी नाडी आणि रक्तदाब पहिल्या दोन तासांत पुन्हा पुन्हा पाहून लिहून ठेवावे लागतात. बाळंतिणीला खोलीत हलविण्याची घाई करणाऱ्या नातलगांनीही हे समजून घ्यावे. ई-मोटिव्हच्या चादरीच्या पिशवीवर दोन ठळक रेघा आहेत, एक ३०० वर आणि दुसरी ५०० वर. पहिली रेघ गाठली, की बाळंतिणीजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेने नाडीवर बोट ठेवावे आणि मोठ्याने हाक मारावी, अशी त्यामागची योजना आहे.